चौऱ्याऐंशीचं विमान

"नकाशाचं साल धरायचं का बांधल्याचं, ते आधी सांगा. मंग पुढचं बोला," बद्रीनाथ म्हणाला आणि त्यानं चहाचा कप मक्याच्या पोत्यावर टेकवला.

"दोन्ही एकच की," अप्पाराव म्हणाले.

"एकच कसं, सर? नकाशा पन्नास सालचा घेतला अन् विमान काल बांधलं, तर ते जुनं का नवं?"

जालन्याच्या मोंढ्यात वसंताचं बियाण्याचं दुकान होतं. दुकानामागच्या गोदामात दरवर्षी दिवाळी उलटली की हे चौघे जमत. लाकडाची आणि कागदाची छोटी विमानं उडवायची, हे चौघांचं वेड. जानेवारीत अंबडच्या रस्त्यावरच्या माळावर ते स्पर्धा घेत. तिला नाव दिलं होतं 'यादगार उड्डाण'. रेडिओवर चालणारी नवी विमानं तिथं चालत नसत. ज्यांच्यावर आपण वाढलो ती जुनी विमानंच फक्त उडवायची. जुनं म्हणजे एकोणसत्तर सालापर्यंतचं, असं पहिल्याच वर्षी ठरलं होतं आणि आता त्याच सालावरून गाडं अडलं होतं. गेल्या पावसाळ्यात एका विमानाला वाळवी लागली. दुसऱ्याचा मालक वारला आणि त्याच्या सुनेनं ते भंगारवाल्याला देऊन टाकलं.

"एकोणसत्तरच्या आतली राह्यली किती?" वसंता म्हणाला. "अप्पाराव सरांचं एक, खरातकाकांचं एक. दोघांतच पैला अन् दुसरा नंबर काढायचा का? पंच्याऐंशी साल करून टाका. पोरं येतील, जत्रा भरंल."

"मंग दोन वर्सांनी पंच्याण्णव करा म्हणताल," अप्पाराव म्हणाले. ते अंबडच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. "जुन्याला काही किंमत ठेवताल का न्हाई?"

बद्रीनाथ वसंताच्या बाजूनं होता. तो लोखंडाच्या मिलमध्ये इलेक्ट्रिशियन होता आणि त्याचं स्वतःचं विमान अठ्ठ्याहत्तर सालचं होतं. दोन मतं इकडं, एक मत तिकडं. तिघांनी भुजंगरावांकडं पाहिलं.

भुजंगराव खरात कोपऱ्यातल्या लोखंडी खुर्चीवर बसले होते. वय सत्तरीला आलेलं, पाठ अजून ताठ. वसंताला आणि बद्रीनाथला विमान धरायला त्यांनीच शिकवलं होतं.

"साला-बिलाचं सोडा," ते म्हणाले. "मी सांगतो जुनं कशाला म्हणायचं. ज्यानं बांधलं त्याचे केस पिकले, त्याचं विमान जुनं. हिशेब सोपा."

बद्रीनाथ हसला. अप्पारावांनी टक्कल चोळत म्हटलं, "मंग माझं तर बाद झालं." गोदामात जरा मोकळं वाटलं. वसंता मात्र हसला नाही.

"आन ज्याचे पिकलेच न्हाईत, त्याचं काय करायचं, काका?"

बाहेर हमालांचा आवाज चालला होता. भुजंगरावांनी खुर्चीच्या हातावर ठेवलेली टोपी उचलली.

"एकोणसत्तर," ते म्हणाले. "माझं मत एकोणसत्तर." आणि ते उठून गेले.

दोन विरुद्ध दोन झालं आणि बैठक तशीच मोडली.

भुजंगराव वाटूरचे. दहावीला असताना कुणीतरी सांगितलं म्हणून हवाई दलाच्या भरतीला गेले आणि घेतले गेले. काम मिळालं विमानांच्या पंखांना कापड चढवण्याचं. कापड ताणायचं, टाके घालायचे, वरून रसायनाचा हात द्यायचा, की कापड ढोलासारखं वाजायला लागे. त्यांच्या हाताखालून शेकडो पंख गेले. स्वतः ते विमानात कधी बसले नाहीत. नोकरीची वर्षं भरल्यावर औरंगाबादला एनसीसीच्या हवाई शाखेत पोरांना विमानांचे नमुने बांधायला शिकवण्याची जागा मिळाली. सोबत स्टोअर सांभाळायचं. घर जालन्यात, जाणं-येणं रोज एस.टी.नं. सांगावं असं याहून वेगळं त्यांच्या आयुष्यात काही नव्हतं. एक मुलगी, तिचं लग्न परभणीला झालेलं. आणि एक मुलगा, धर्मराज.

धर्मराजला लहानपणापासून डिंकाचा वास आवडायचा. स्टोअरमधून टाकून दिलेले लाकडाचे तुकडे भुजंगराव पिशवीतून घरी आणत. बाल्सा नावाचं ते लाकूड इतकं हलकं, की फुंकर मारली तर तळहातावरून सरके. तेच धर्माचं खेळणं. कॉलेजात गेल्यावर त्यानं स्वतः आखून एक ग्लायडर बांधलं. इंजिन नाही, पंखा फिरवायला पिळलेलं रबर नाही. लांब दोरीला बांधून पतंगासारखं पळत वर न्यायचं. वर गेलं की दोरी आपोआप सुटते आणि विमान वाऱ्यावर एकटं तरंगत राहतं. भुजंगरावांनी त्याचं काम पाहून पंखाच्या जोडाला दोन चुका काढल्या होत्या. धर्मानं एक ऐकली, एक ऐकली नाही.

चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत तो आपल्या दोस्ताला, वसंताला घेऊन वाटूरला गेला. गावचं घरही तिथंच, मोकळी रानंही तिथंच. वसंता दोरी घेऊन पळाला. ग्लायडर वर गेलं, सुटलं आणि गरम हवेच्या भोवऱ्यात सापडून चढतच गेलं. धर्मा त्याच्यामागं धावत सुटला. मान वर, डोळे विमानावर. कापूस उपटलेल्या रानात एक विहीर होती, जमिनीच्या बरोबरीची, कठडा नसलेली. वसंता मागून ओरडत होता. पण ज्याचं विमान वर चढत असतं त्याला काही ऐकू येत नाही.

भुजंगराव निरोप मिळून पोचले तेव्हा पोरगा अजून आतच होता. पाणी उपसायला मोटार होती, पण लाइट नव्हती. गावातले दोघे-तिघे पोहणारे उतरून आले; तळ लागला नाही. लाइट येईपर्यंत सगळे विहिरीभोवती बसून राहिले. भुजंगराव उभे होते. कुणीतरी त्यांना पाणी दिलं, ते त्यांनी प्यायलं, आणि त्या पाण्याची चव पुढं कित्येक वर्षं त्यांच्या तोंडातून गेली नाही.

दहावा दिवस झाल्यावर पुंजाराम नावाचा एक शेतकरी ग्लायडर घेऊन घरी आला. दोन्ही हातांवर आडवं धरून आणलेलं, आजारी लेकरू आणावं तसं.

"माझ्या ज्वारीत उतरलं व्हतं," तो म्हणाला. "एक कणीस बी मोडलं न्हाई त्यानं. तुमच्या पोराचं हाये म्हून आणलं."

विमानाला ओरखडासुद्धा नव्हता. भुजंगरावांनी ते आतल्या खोलीत छताच्या कडीला टांगलं. तेव्हापासून ते तिथंच होतं. नोकरी संपली, म्हातारपण आलं. जुन्या पोरांनी स्पर्धा सुरू केली, तेव्हा भुजंगरावांनी पासष्ट सालचं स्वतःचं विमान झटकून बाहेर काढलं. कडीला टांगलेल्याला हात लावला नाही.

बैठकीनंतर वसंता भुजंगरावांच्या घरी आला तो थेट स्वयंपाकघरात धर्माच्या आईपुढं, गिरिजाबाईंपुढं बसला. भुजंगराव बाहेरच्या खोलीत पेपर धरून होते. भिंत पातळ होती.

"काकू, तुमी सांगा त्यायला. पंच्याऐंशी केलं तर धर्माचं उडवता येतंय. मी चाळीशीचा झालो, पोट सुटलं माझं. त्यो अजून एकोणीसचाच हाये. मला सपनात तसाच दिसतो, पळताना."

"खाऊन घे," गिरिजाबाई म्हणाल्या.

वसंता गेल्यावर त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या. दाराला टेकून उभ्या राहिल्या.

"कामून न्हाई म्हनले तुमी?"

"नियम हाये."

"नियम तुमीच केला ना?"

"म्हून तर."

"त्या विमानाचा कागद पिवळा पडला. रोज बघते मी. शेपटीकडं भोकं पडलेत. जुनं न्हाई तर काय हाये ते?"

भुजंगरावांनी पेपरची घडी केली. "ते जुन्यात घातलं, की ते यादगार झालं, गिरजे. लोक येतील, बघतील, पूर्वी अशी विमानं असायची म्हनतील. टाळ्या वाजवतील. मंग त्यो बी पूर्वीचाच झाला."

"मंग कवाचा हाये त्यो?" गिरिजाबाईंचा आवाज चढला नाही. "वीस वर्सं त्या कडीखाली झोपते मी. कूस बदलली तरी त्येच दिसतं. तुमी बाहेरच्या खोलीत झोपता. तुमी त्याला म्हातारा बी होऊ देईनात, आन मरू बी देईनात. माझं काय करायचं ठरवलंय?"

भुजंगरावांनी पेपर पुन्हा उलगडला. इतकी वर्षं आपण बाहेरच्या खोलीत का झोपतो याचं कारण त्यांनी गुडघेदुखी असं सांगितलं होतं, आणि ते त्यांना स्वतःलाही खरं वाटायला लागलं होतं.

पुढच्या बैठकीला ते सगळ्यांच्या आधी गोदामात जाऊन बसले. अप्पाराव आले, बद्रीनाथ आला. वसंता दुकानात गिऱ्हाईक सोडून आत आला.

"लिहून घ्या," भुजंगराव म्हणाले. "सन एकोणीसशे चौऱ्याऐंशी अखेर."

"पंच्याऐंशी म्हणत होतो ना आपण?" बद्रीनाथनं विचारलं.

"चौऱ्याऐंशी. बांधल्याचं साल धरायचं, नकाशाचं न्हाई. सांगाडा मूळचाच पाहिजे. कागद बदलला तर चालंल, लाकूड बदललेलं बिलकुल चालणार न्हाई. आन हवेत मोडलं तर उड्डाण धरायचं न्हाई. हे सगळ्यांना लागू."

अप्पारावांनी चष्मा काढून पुसला. त्यांचं मत एकोणसत्तरला होतं. ते भुजंगरावांच्या तोंडाकडं पाहून म्हणाले, "बराबर हाये. माझं बी हो धरा."

ग्लायडर कडीवरून काढायला वसंता स्टुलावर चढला. वीस वर्षांची धूळ त्याच्या डोळ्यांत गेली. भुजंगरावांनी ते पलंगावर ठेवून जुना कागद भिजवून सोडवला, नवा कागद चढवला. कागदाला एकही सुरकुती पडू दिली नाही. मग त्यांनी पंख दोन्ही बाजूंनी धरून हलकेच वाकवून पाहिला. मधल्या जोडाला बारीक करकर आली.

"काका, जोड सुटायलाय," वसंता म्हणाला. "खरवडून नवा डिंक भरावा लागंल."

भुजंगरावांनी विमान खिडकीजवळ नेलं. जोडावर डिंक जास्त झाला होता. हीच ती दुसरी चूक, जी धर्मानं ऐकली नव्हती. कमी लाव, नीट दाब, असं ते म्हणाले होते. त्यानं भरपूर लावून अंगठ्यानं दाबला होता. वाळलेल्या डिंकात अंगठ्याच्या रेषा उमटल्या होत्या. स्वच्छ, एकेक रेष मोजता येईल अशा.

"खरवडायचं न्हाई," ते म्हणाले.

"मोडंल, काका."

"म्हाईत हाये."

वसंतानं अंगठ्याचा ठसा पाहिला आणि तो अंगणात जाऊन उभा राहिला.

भुजंगरावांनी गिरिजाबाईंना सांगितलं, "बहुतेक मोडंल बघ ते."

"मोडू द्या," गिरिजाबाई म्हणाल्या. "लटकून लटकून बी मोडतच होतं की. आन मी बी येते तिथं."

भुजंगरावांनी चमकून पाहिलं. धर्मा जिवंत असताना त्याचं एकही विमान उडताना तिनं पाहिलं नव्हतं. अभ्यास सोडून हे काय करतोस, एवढंच ती म्हणायची.

स्पर्धेच्या दिवशी माळावर गार वारा होता. नवीन नियमामुळं परतूरहून, भोकरदनहून माणसं आली होती. कुणी पंचाहत्तरचं, कुणी ब्याऐंशीचं विमान घेऊन. माळाच्या कडेला हरभरा होता, त्यापलीकडं ज्वारी. गिरिजाबाई बांधावर गोणपाट टाकून बसल्या. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचा राहिलेला.

नाव पुकारताना बद्रीनाथ अडखळला. "बांधणारे... धर्मराज भुजंगराव खरात. उडवणारे, वसंता."

भुजंगरावांनी ग्लायडर डोक्याच्या वर धरलं. वसंता दोरीचं टोक घेऊन समोर लांब जाऊन उभा राहिला. त्यानं एकदा मागं वळून पाहिलं. भुजंगरावांनी मान हलवली. वसंता पळायला लागला. जड, धापा टाकत, पण सरळ. दोरी ताणली गेली आणि भुजंगरावांच्या हातातलं वजन नाहीसं झालं.

ते वर गेलं. उभं, पतंगासारखं, नवा कागद उन्हात पांढरा होत. दोरी सुटली. ग्लायडरनं नाक खाली घेतलं, सावरलं आणि डावीकडं वळलं. इतक्या सावकाश वळलं, की माळावरची बोलणी थांबली. कुणीतरी मागं म्हणालं, "काय चाल हाये यार." भुजंगरावांना त्या क्षणी फक्त एवढंच कळलं, की पोरानं वजन बरोबर साधलं होतं. हे त्याला सांगायचं राहून गेलं.

दुसऱ्या वळणावर वाऱ्याचा झोत आला. काडी मोडल्यासारखा बारीक आवाज झाला. तोही बहुधा त्यांना एकट्यालाच ऐकू आला. पंख मधोमध घडी पडल्यासारखे वर मिटले आणि विमान दगडासारखं हरभऱ्यात पडलं.

वसंता दोरी हातात घेऊन जागच्या जागी उभा राहिला. त्याचा चेहरा वाकडातिकडा झाला होता. अप्पाराव त्याच्याकडं चालत गेले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. बद्रीनाथ घड्याळ घेऊन भुजंगरावांजवळ आला.

"सर, तरंगलं तेवढा वेळ तर धरावाच लागंल. सगळे हो म्हणतील. कुणी इचारणार न्हाई."

"हवेत मोडलं," भुजंगराव म्हणाले. "धरू नका."

"पण सर..."

"बद्री, धरू नका."

बद्रीनाथनं पेननं रेघ मारली. पुढचं नाव पुकारायला तो वळला.

हरभऱ्यात जायला भुजंगराव निघाले, तर गिरिजाबाई आधीच बांध उतरून आत गेल्या होत्या. एका हातानं लुगडं सावरत, वाकून, रोपं न तुडवता. शोधायला त्यांना वेळ लागला, कारण डोळा नीट काम देत नव्हता. पण त्यांनी कुणाला हाक मारली नाही. तुकडे एकेक उचलून पदरात घेतले. भुजंगराव जवळ पोचले तेव्हा त्या एक लांब काडी उन्हाकडं धरून पाहत होत्या.

"किती हलकं हाये हो," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं जड असंल."

"त्याला जड चालत न्हाई."

"कधी हातात घेतलंच न्हाई मी."

दोघं बांधावर येऊन बसली. वसंता तोंड धुऊन आला, पण समोर बसायचं त्याच्यानं होईना. गिरिजाबाईंनी फडकं सोडलं, भाकरीवर ठेचा घातला आणि ती त्याच्यापुढं धरली. "पळून आलास. खा," त्या म्हणाल्या. तो मान खाली घालून खायला लागला.

माळावर अप्पारावांचं नाव पुकारलं गेलं. त्यांच्या नातवानं दोरी ओढली आणि अठ्ठावन्न सालचं तांबडं ग्लायडर वर चढून सुटलं. वारा पडला होता. ते दोन फेऱ्या घेऊन ज्वारीच्या दिशेनं निघालं. गिरिजाबाईंनी कपाळावर हात आडवा धरला आणि मान वर केली.

"कुणाचं हाये हे?"

"अप्पारावांचं."

"मला पुसट दिसून राह्यलं. अजून वरच हाये का?"

"वरच हाये."

"त्याच्या मागं कोण चाललंय?"

भुजंगरावांनी पाहिलं. टक्कल पडलेले अप्पाराव काठी टेकत माळावरून निघाले होते. नातवानं त्यांचा हात धरला होता.

"अप्पाराव चाललेत. नातू हाये संगं."

"खाली बघून चाललेत ना?"

"हो. खालीच बघून चाललेत."

"मंग बरं," गिरिजाबाई म्हणाल्या. विमान ज्वारीवरून दिसेनासं होईपर्यंत त्यांनी कपाळावरचा हात काढला नाही.